अल्बमला ७.८ गुण म्हणजे नेमकं काय? समीक्षक हे आकडे काढतात कसे?

रेघोट्या

इंग्रजी संगीत मासिकं आणि संकेतस्थळं नव्या अल्बमना गुण देतात. एकाच अल्बमला एकीकडे पाचपैकी तीन स्टार, दुसरीकडे दहापैकी ८, तिसरीकडे ‘बी प्लस’, आणि मेटाक्रिटिकवर या सगळ्यांची मोट बांधून ७४. पिचफोर्क हे संकेतस्थळ तर दशांशात बोलतं. ७.८ आणि ७.९ यांत कानाला काय फरक कळतो, हे मला खरंच समजून घ्यायचंय.

विचारण्यामागचं कारण असं: आम्ही तिघं मिळून मराठी स्वतंत्र संगीताच्या (म्हणजे सिनेमाबाहेरच्या) नव्या अल्बमची परीक्षणं दर महिन्याला लिहायची म्हणतोय. त्यासाठी चार शंका आहेत.

एक, अल्बम किती वेळा ऐकल्यावर लिहायला बसावं? दोन, आकडा कोण ठरवतं, लिहिणारा की संपादक? तीन, प्रत्येक गाण्याला गुण देऊन सरासरी काढली तर चालेल का? चार, मुळात आकडा द्यावाच का?

‘ज्याची त्याची आवड’ एवढंच उत्तर असेल तर कृपया कष्ट घेऊ नका. :)

---

मंद्रसप्तक

तिसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण नवे लिहिणारे हमखास तिथेच घसरतात. सरासरी काढू नका.

समजा दहा गाणी आहेत. सात ठीकठाक, प्रत्येकी ७. दोन अफलातून, ९.५. एक साफ फसलेलं, ३. बेरीज ७१, सरासरी ७.१. आता दुसरा अल्बम घ्या, ज्यातली दहाच्या दहा गाणी ७.१ च्या लायकीची आहेत. सरासरी तीच. पण पहिला अल्बम त्या दोन गाण्यांसाठी लोक पाच वर्षांनीही काढून ऐकतील आणि दुसरा पुढच्या शुक्रवारी विसरतील. शिवाय पन्नास सेकंदांच्या मधल्या तुकड्याला काय गुण देणार? तो पुढच्या गाण्याची वाट करून देतो की नुसती जागा अडवतो, हे शेजारच्या गाण्यांवरच ठरतं. आपल्याकडे वर्तमानपत्रांत सिनेसंगीताचं परीक्षण ‘पहिलं गाणं असं, दुसरं तसं’ या चालीवर होतं, कारण सिनेमाची गाणी प्रसंगांसाठी बेतलेली असतात. स्वतंत्र अल्बमला ती पद्धत लावली की क्रम, लांबी, सुरुवात-शेवट हे सगळं हिशेबातून निसटतं.

आता मोजपट्ट्या. प्रत्येकीचा स्वभाव वेगळा आहे.

पाच स्टारमध्ये पायऱ्या पाचच, अर्धे स्टार धरले तर दहा. गार्डियनसारख्या ब्रिटिश दैनिकात तीन स्टार म्हणजे ‘बरा आहे, या गायकाचे चाहते असाल तर ऐका’. शिवी नाही ती. चार म्हणजे शिफारस. पाच क्वचित, एक त्याहून क्वचित.

अक्षरश्रेणी अमेरिकी समीक्षक रॉबर्ट क्रिस्टगौ यांची. १९६९ पासून न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ साप्ताहिकात त्यांचं ‘कन्झ्युमर गाइड’ हे सदर चाले. एका अल्बमवर एक छोटा परिच्छेद आणि शेवटी श्रेणी, ए प्लसपासून ई मायनसपर्यंत. १९९० मध्ये त्यांनी पद्धतच बदलली. मधल्या दर्जाच्या अल्बमवर परिच्छेद लिहिणं बहुतेक बंद केलं आणि बी प्लसच्या वरच्यांवर भर दिला. कारण व्यवहारी होतं. एवढे अल्बम येत होते की सामान्य मालावर शाई खर्च करण्यात अर्थ नव्हता.

आणि पिचफोर्क. ०.० ते १०.०, म्हणजे १०१ पायऱ्या. इतका बारीक फरक कुणाच्याही कानाला कळत नाही, ही तुमची शंका रास्त आहे. तो दशांश कान काढत नाही, कपाट काढतं. या गायकाच्या आधीच्या अल्बमला आपण ७.६ दिले होते, हा त्याहून किंचित सरस. त्याच धाटणीच्या दुसऱ्या बँडला ८.१ दिले होते, तेवढा नाही, मग ७.८. जुन्या आकड्यांच्या रांगेत नव्याला उभं करायचं, एवढंच. म्हणून मागे हजारो परीक्षणांचा साठा असेल तरच दशांश शोभतो. तुमच्याकडे पहिल्या महिन्यात चार अल्बम असतील, तर ७.८ हा आकडा कशाच्या शेजारी उभा करणार?

तुमची दुसरी शंका: पिचफोर्कमध्ये आकडा एकट्या लेखकाचा नसतो. लेखक सुचवतो, संपादकांशी चर्चा होते आणि तो वरखाली सरकतो. ‘बेस्ट न्यू म्युझिक’ हा खास शिफारशीचा शिक्का द्यायचा की नाही, हेही संपादकीय पातळीवरच ठरतं. कधीकधी लेख वाचताना वाटतं की कौतुक ८.५ चं आणि आकडा ७.४ चा, त्याचं मूळ बहुधा इथे असतं. उलट क्रिस्टगौंसारखा एकहाती माणूस असेल तर वाचकाला त्याच्या कानाची सवय होते. ‘यांना बी प्लस वाटलं म्हणजे मला आवडेल’ असा हिशेब वर्षानुवर्षं वाचून जमतो. संस्थेच्या आकड्याला हा फायदा नाही.

मेटाक्रिटिकचं गणित वेगळंच. ते सगळं शंभरावर आणतात. चार स्टार म्हणजे ८०, तीन म्हणजे ६०. अक्षरांचं कोष्टक ठरलेलं आहे: ए म्हणजे १००, ए मायनस ९१, बी प्लस ८३, बी ७५, बी मायनस ६७, सी प्लस ५८. आता गंमत बघा. ‘चांगला आहे, थोर नाही’ हेच मत एकानं तीन स्टारमध्ये मांडलं तर ६०, दुसऱ्यानं ‘बी’ दिला तर ७५. मत एकच, अंतर पंधराचं. आणि ६१ पासून हिरवा रंग सुरू होतो, म्हणजे ब्रिटिश तीन स्टारवाला बिचारा पिवळ्या ‘संमिश्र’ रकान्यात जाऊन बसतो. ज्या परीक्षणात आकडाच नाही, तिथे मेटाक्रिटिकची माणसं मजकूर वाचून स्वतः आकडा लावतात. वर सरासरीही साधी नाही. काही प्रकाशनांना जास्त वजन असतं आणि ते किती, हे जाहीर नाही. संगीतासाठी किमान चार परीक्षणं जमली की आकडा दिसू लागतो. चारांत एखादं टोकाचं निघालं तर काय होईल ते तुम्हीच करून बघा.

---

अर्धमात्रा

वरच्यात एक भर. प्रत्यक्षात बहुतेक आकडे ६.५ ते ८ च्या बेचक्यातच अडकलेले दिसतात. याचं कारण समीक्षकांचा भिडस्तपणा एवढंच नाही. निवड आधीच झालेली असते. आठवड्याला शेकडो अल्बम येतात, त्यांतून मूठभर परीक्षणासाठी घेतले जातात. नवख्या, अनोळखी माणसाचा वाईट अल्बम असेल तर त्याला ३.२ देण्यापेक्षा त्यावर न लिहिणंच बरं, असं बहुतेक संपादक मानतात. त्यामुळे खालचे आकडे उरतात ते नाव मोठं आणि लक्षण खोटं अशांसाठी.

पिचफोर्कचे गाजलेले ०.० बघा. २००३ मध्ये गायिका लिझ फेअर, २००४ मध्ये गायक ट्रॅव्हिस मॉरिसन, २००६ मध्ये जेट हा बँड. सगळी आधी नावाजलेली मंडळी. जेटच्या परीक्षणात तर शब्दच नव्हते, माकडाची एक किळसवाणी चित्रफीत होती. वाचायला (बघायला) मजा येते, पण त्यातून अल्बमबद्दल काडीचीही माहिती मिळत नाही. लिझ फेअरचं परीक्षण लिहिणाऱ्यानं २०१९ मध्ये तिची जाहीर माफी मागितली, आणि २०२१ मध्ये पिचफोर्कनं पंचविशीच्या निमित्तानं १९ जुने आकडे बदलले तेव्हा त्या ०.० चे ६.० झाले. डाफ्ट पंकच्या ‘डिस्कव्हरी’ला २००१ मध्ये ६.४ होते, त्याचे सरळ १०. आकडा असा खडूनं लिहिलेला असतो. तुम्ही दगडावर कोरायला जाऊ नका.

---

खर्ज

पहिल्या शंकेवर. माझ्या मते चार ते पाच वेळा, पण कसं ऐकायचं हे किती वेळापेक्षा महत्त्वाचं. चाळीस मिनिटांचा अल्बम पाचदा म्हणजे तीन तास वीस मिनिटं. एका परीक्षणासाठी लिहिणं धरून आठ-नऊ तास पकडा. महिन्याला चार अल्बम आणि माणसं तिघं, म्हणजे झेपेल.

पहिल्यांदा ऐकताना काहीही लिहू नका. क्रमानं, सलग, शफल बंद. ऑटोप्लेही बंद करा; नाहीतर अल्बम संपल्यावर ॲप कुणाचं तरी गाणं लावतं आणि शेवटच्या गाण्यानंतरची शांतता हातची जाते. शेवटचं गाणं कसं संपतं ते त्या शांततेत कळतं.

दुसऱ्यांदा वही घेऊन. गाणं क्रमांक, मिनिट-सेकंद, काय घडलं. विशेषणं लिहायची नाहीत, घटना लिहायच्या. ‘गाणं ३, २:०५, ढोलकी येते, बास थांबतो, दुसऱ्या कडव्यात आवाज दुहेरी’ अशी नोंद उपयोगाची. ‘सुंदर संगीत संयोजन’ ही नोंद आठवड्यानं वाचली तर कोणत्या गाण्याबद्दल होती तेही आठवत नाही.

तिसऱ्यांदा शब्द आणि श्रेयनामावली समोर ठेवून. कुणी वाजवलं, कुणी मिक्सिंग केलं, कुठे ध्वनिमुद्रण झालं. स्ट्रीमिंग ॲपवर ही माहिती अनेकदा अपुरी असते, संगीतकाराला सरळ विचारा. सारंगी खरी आहे की सॅम्पल (आधीच मुद्रित केलेला तुकडा), हे कानावरून ठरवून छापू नका. यात भलेभले तोंडघशी पडतात.

मग दोन दिवस अल्बमला हात लावायचा नाही. तिसऱ्या दिवशी न ऐकता कागदावर लिहा की काय काय आठवतंय. कुठली ओळ, कुठला ठेका, कुठली जागा. दहापैकी सहा गाण्यांचं काहीच आठवत नसेल तर तेही परीक्षणात यायला हवं. त्यानंतर चौथं ऐकणं, आणि हे दुसऱ्या साधनावर: आधी हेडफोन असेल तर आता फोनचा स्पीकर किंवा गाडी. आपला श्रोता बहुतेक तिथेच ऐकणार आहे. हेडफोनवर भारदस्त वाटणारा बास फोनवर गायब होतो, आणि त्याच बासवर गाणं उभं असेल तर गाणंच कोसळतं.

आवाजाच्या पातळीकडे लक्ष द्या, हे कुणी सांगत नाही. दोन मुद्रणांपैकी जे जरा मोठ्यानं वाजतं ते कानाला चांगलं वाटतं, एखाद्या डेसिबलचा फरकसुद्धा पुरतो. जुन्या अल्बमशी तुलना करताना ॲपमधलं नॉर्मलायझेशन चालू ठेवा म्हणजे दोन्ही एका पातळीवर येतील (स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएसला आणतं; एलयूएफएस हे आवाजाची पातळी मोजायचं एकक). फक्त या अल्बमचं मास्टरिंग (मिक्सनंतर आवाजावर फिरवलेला शेवटचा हात) कसं आहे हे तपासायचं असेल तर बंद करा. मेटालिकाचा २००८ चा ‘डेथ मॅग्नेटिक’ आठवा. सीडीवर आवाज इतका दाबून चढवला होता की तो फाटत होता, आणि ‘गिटार हिरो’ या खेळात हीच गाणी कमी दाबलेली, मोकळी ऐकू येत होती. चाहत्यांनीच दोन्ही शेजारी ठेवून दाखवलं. परीक्षणात हे यायला हवं होतं; पहिल्या आठवड्यातल्या बहुतेकांत गाण्यांचीच चर्चा होती.

---

रेघोट्या

भारी माहिती, सगळ्यांचे आभार. सरासरीचा नाद सोडला.

उपप्रश्न: इंग्रजी परीक्षणं अल्बम येतो त्याच सकाळी कशी काय छापून येतात? दोन दिवस हात लावायचा नाही म्हणता, मग त्यांना कधी मिळतो अल्बम? आणि आम्हाला आगाऊ प्रत मागता येईल का?

---

पडद्यामागून

आगाऊ मिळतो. प्रसिद्धी सांभाळणारी माणसं काही आठवडे आधी बंद दुव्यावर स्ट्रीम किंवा डाउनलोड देतात. छापील मासिकांचा अंक दोन-तीन महिने आधी बांधला जातो, म्हणून त्यांना सगळ्यांत आधी. सोबत एंबार्गो असतो, म्हणजे अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत काहीही प्रसिद्ध करायचं नाही. सगळ्यांची परीक्षणं एकाच सकाळी उगवतात ती त्यामुळे. १० जुलै २०१५ पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी येतात. त्याआधी अमेरिकेत मंगळवारी, ब्रिटनमध्ये सोमवारी यायचे.

या फायलींत बऱ्याचदा वॉटरमार्क, म्हणजे छुपी खूण, असतो. कानाला कळत नाही, पण प्रत कुणाच्या नावची होती ते फुटल्यावर शोधता येतं. मित्राला ‘फक्त ऐक’ म्हणून पाठवलेली फाइल फिरली तर तुमचं नाव यादीतून कायमचं जातं.

आगाऊ प्रतीत काय काय बिघडलेलं असू शकतं: गाण्यांचा क्रम अंतिम नसतो, मास्टरिंग व्हायचं असतं, स्ट्रीम कमी दर्जाचा असतो. म्हणून ‘आवाज कोंदट आहे’ असं लिहायच्या आधी ती अंतिम प्रत आहे का, हे विचारा. आणि प्रकाशनाच्या दिवशी बाजारातली प्रत एकदा लावून लांबी आणि क्रम जुळवून बघा. पाच मिनिटांचं काम.

मोठ्या नावांच्या बाबतीत उलट प्रकार. अल्बम फुटू नये म्हणून प्रत देतच नाहीत; कार्यालयात बोलावून एकदा ऐकवतात, फोन बाहेर. किंवा काहीच न सांगता थेट बाजारात. बियॉन्सेनं १३ डिसेंबर २०१३ ला तेच केलं, १४ गाणी आणि १७ चित्रफिती अचानक आयट्यून्सवर. मग समीक्षक रात्र जागवून सकाळपर्यंत लिहितात, आणि ते परीक्षण खरं तर पहिल्या धक्क्याचं वर्णन असतं.

न ऐकता लिहिणारेही असतात. २००८ मध्ये ‘मॅक्झिम’नं ब्लॅक क्रोज या बँडच्या नव्या अल्बमला अडीच स्टार दिले. बँडनं सांगितलं की पूर्ण अल्बमची प्रत कुणालाच दिलेली नव्हती, बाहेर फक्त एक गाणं होतं. मासिकाला माफी मागावी लागली.

तुमच्यापुरतं सांगायचं तर अवश्य मागा. मराठी स्वतंत्र संगीतात मध्ये प्रसिद्धीवाला क्वचितच असतो, संगीतकार स्वतःच खासगी दुवा पाठवतो. पण ‘छापण्याआधी परीक्षण दाखवा’ म्हणाला तर ठाम नाही म्हणा. वस्तुस्थिती तपासायला हवी असेल, म्हणजे वादकांची नावं, गावं, तारखा, तर तेवढंच पाठवा. मजकूर पाठवायचा नाही.

---

बिनगुणी

चौथ्या शंकेवर माझं मत सगळ्यांच्या विरुद्ध जाईल. आकडा देऊच नका.

लंडनचं ‘द वायर’ मासिक आकडे देत नाही. ‘ग्रामोफोन’ १९२३ पासून निघतंय, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचं त्याहून वजनदार मासिक दाखवा. तिथेही परीक्षणाखाली स्टार नसतात. अंकातल्या निवडक ध्वनिमुद्रणांना संपादकांची पसंती म्हणून शिक्का मिळतो, बस. वाचक आकडा दिसला की मजकूर वाचत नाही. ‘६.८’ एवढंच व्हॉट्सॲपवर फिरतं आणि तुमचे नऊ तास पाण्यात.

आणि मराठी स्वतंत्र संगीताचं वर्तुळ लहान आहे. गाणारा, वाजवणारा, कार्यक्रम ठेवणारा आणि लिहिणारा एकमेकांच्या ओळखीतले असतात. या वर्तुळात ५.५ म्हणजे परीक्षण राहत नाही, भांडण होतं. मोठ्या वर्तुळातही सुख नाहीच. एप्रिल २०२४ मध्ये ‘पेस्ट’ मासिकानं टेलर स्विफ्टच्या अल्बमचं परीक्षण लेखकाचं नाव न घालता छापलं. २०१९ मध्ये तिच्याच आधीच्या एका अल्बमवर लिहिणाऱ्याला हिंसेच्या धमक्या आल्या होत्या, हे कारण त्यांनी उघड सांगितलं.

आकड्याऐवजी शेवटी तीन ओळी द्या. हे कुणी ऐकावं, सुरुवात कुठल्या गाण्यापासून करावी, कुठलं वगळलं तरी चालेल. श्रोत्याला याहून जास्त काही नको असतं.

---

मंद्रसप्तक

@बिनगुणी, तीन ओळींची कल्पना मान्य. पण आकडा नसला की लिहिणारा पळवाट काढतो, हेही खरं. आपल्याकडची परीक्षणं ‘अर्थपूर्ण शब्द, श्रवणीय चाली आणि तरल आवाज, एकदा तरी ऐकावाच’ इथे येऊन थांबतात. आवडला का नाही ते शेवटपर्यंत कळत नाही. आकडा लिहिणाऱ्याला भूमिका घ्यायला लावतो, तेवढ्यासाठी तरी तो हवा.

आणि मतभेद लपवायची गरज नाही. रेडिओहेडचा २००० चा ‘किड ए’ घ्या. पिचफोर्कनं १०.० दिले. ब्रिटनच्या ‘मेलडी मेकर’ या संगीत साप्ताहिकानं पाचपैकी दीड स्टार. दोघांनी तोच अल्बम ऐकला. पहिल्याच गाण्यात गिटार नाही. सिंथसायझरवरचे सूर घोळत राहतात, आवाजाचे तुकडे करून उलटसुलट पेरलेत, आणि आवर्तन दहाचं. (झपतालाची सवय असलेल्याला मोजायला अवघड जाऊ नये, पण खंड तसे पडत नाहीत.) एकाला त्यात गिटारच्या बँडनं घेतलेली नवी वाट दिसली, दुसऱ्याला चाहत्यांकडे फिरवलेली पाठ. घडलं काय, यावर दोघांचं एकमत होईल. त्याची किंमत काय, यावर नाही. तुमच्या परीक्षणात ‘घडलं काय’ हा भाग नीट असला तर तुमच्याशी असहमत वाचकालाही त्यातून आपलं मत बनवता येतं. आकडा चुकला तरी मग फारसं बिघडत नाही.

तुम्ही तिघं आहात, त्याचा उपयोग करा. जॅझच्या ‘डाउनबीट’ मासिकात ‘हॉट बॉक्स’ नावाचं सदर आहे. त्यात चार समीक्षक तेच अल्बम ऐकून वेगवेगळे स्टार देतात आणि ते शेजारी-शेजारी छापतात. सरासरी नाही, वाटाघाटी नाहीत. तसंच करा: परीक्षण एकानं लिहायचं, पण तिघांनी एकमेकांना न सांगता पाच पायऱ्यांच्या पट्टीवर मत नोंदवायचं. ४, ४, २ असं दिसलं की वाचकाला ३.३ पेक्षा कितीतरी जास्त कळतं. दोन देणाऱ्यानं खाली दोन वाक्यांत कारण द्यायचं.

पायऱ्यांचे अर्थ आधी लिहून काढा आणि संकेतस्थळावर कायम दिसतील असे ठेवा. ५: वर्षभर ऐकला जाईल. ४: पूर्ण अल्बम ऐकावा. ३: निवडक गाणी ऐकावीत. २: फक्त चाहत्यांसाठी. १: टाळा. हे आधी ठरवलं नाही तर सहाव्या महिन्यात तिघांचा ‘३’ तीन वेगळ्या गोष्टी सांगू लागतो.

---

अर्धमात्रा

+१ पाच पायऱ्यांना. एक सुचवणी: पहिले दहा-बारा अल्बम जुने घ्या, सगळ्यांना ठाऊक असलेले, आणि त्यांना गुण देऊन बघा. छापू नका. तुमची पट्टी किती उदार आहे ते तिथेच कळेल. बाराही ४ आणि ५ मध्येच बसले तर पट्टी निरुपयोगी आहे.

---

तानपुरा_जवारी

धाग्यात ख्यालाच्या अल्बमचा विषय आला नाही म्हणून लिहिते. तुमच्याकडे कधी ना कधी शास्त्रीय गायकाचाही अल्बम येईलच, आणि तिथे वरची पद्धत जशीच्या तशी चालणार नाही.

पॉप अल्बममध्ये गाणं नवं असतं. ख्यालात राग जुना, बंदिश बहुधा जुनी. नवं असतं ते मांडणं. म्हणून पाश्चात्त्य शास्त्रीयचे परीक्षक करतात तसं तुलना उघडपणे करावी: तीच बंदिश आधी कुणी ध्वनिमुद्रित केली आहे, त्यापेक्षा इथे लय किती पुढे किंवा मागे आहे, विस्तार कुठे लांबला, कुठे आवरला. ‘मारव्याचा विलंबित एकताल २८ मिनिटं, पहिली आठ मिनिटं मध्य सप्तकाच्या खालीच’ ही नोंद मोलाची. ‘रागाचं वातावरण उभं केलं’ ही नाही.

साथीदारांना मिश्रणात जागा किती, हे ऐका. तंबोरा फार मागे ढकललेला असतो किंवा इलेक्ट्रॉनिक असतो. हार्मोनियम डाव्या कानात चिकटून बसते. मैफिलीचं मुद्रण आहे की स्टुडिओतलं, हे लिहाच, कारण मैफिलीत तान फसली तर तिला वेगळा न्याय आणि स्टुडिओत पुन्हा घेता आली असती तरी ठेवली तर वेगळा.

मराठीत याची परंपरा आहे. केशवराव भोळे ‘वसुंधरा’ साप्ताहिकात ‘एकलव्य’ या नावानं गायकांवर लिहीत. स्वतः गाणारे आणि संगीत देणारे होते, त्यामुळे आवाज कसा लागतो, दम कुठे अपुरा पडतो, हे नेमकं टिपत. स्टार कुठेच नाहीत, आणि तरी गायक त्यांना किती पटला याबद्दल वाचकाला शंका उरत नाही. @मंद्रसप्तक, भूमिका घ्यायला आकडाच लागतो असं नाही.

---

मंद्रसप्तक

मान्य. पण महिन्याला चार परीक्षणं लिहिणाऱ्या तीन होतकरूंकडून भोळ्यांची अपेक्षा कशाला? पट्टी ही कुबडी आहे, चालायला लागल्यावर टाकता येते.

---

रेघोट्या

ठरलं तर: पाच पायऱ्या, तिघांचे वेगवेगळे गुण, सरासरी नाही, खाली @बिनगुणी यांच्या तीन ओळी. शास्त्रीय अल्बमना गुण नाहीत, फक्त मजकूर आणि तुलना. ओळखीतल्या कलाकाराचं काय करायचं तेवढं सांगा.

---

पडद्यामागून

नुसती ओळख असेल तर परीक्षणाच्या सुरुवातीलाच एक वाक्य: ‘या अल्बममधला तबलावादक लेखकाचा मित्र आहे.’ पैसे घेतले असतील, अल्बमवर काम केलं असेल किंवा घरचा माणूस असेल तर तो अल्बम दुसऱ्याकडे द्या, आणि गुणांच्या रांगेत त्या माणसाचा रकाना मोकळा ठेवा. कार्यक्रमाची फुकट तिकिटं चालतात, प्रवासखर्च नको. आणि जाहिरात देणाऱ्याचा अल्बम त्याच महिन्यात परीक्षणाला घेऊ नका, निदान पहिलं वर्षभर.

---

खर्ज

शेवटी एक तांत्रिक गोष्ट राहिली. परीक्षणाखाली ऐकल्याची तारीख, कुठल्या सेवेवर ऐकलं, आणि गाण्यांची संख्या व एकूण लांबी लिहा. कान्ये वेस्टचा ‘द लाइफ ऑफ पाब्लो’ फेब्रुवारी २०१६ मध्ये आला आणि पुढचे काही महिने तो त्यातली गाणी बदलतच राहिला: मिक्स बदलले, शब्द बदलले, शेवटी एक गाणं वाढवलं. पहिल्या आठवड्यातली परीक्षणं आज ॲपवर असलेल्या अल्बमची नाहीतच. आपल्याकडेही संगीतकार महिन्याभरात नवं मिक्स चढवतात आणि कुणाला सांगत नाहीत. असं झालं तर जुना मजकूर पुसू नका. खाली तारीख घालून दोन ओळींची भर टाका, गुण बदलले असतील तर जुने आणि नवे दोन्ही दाखवा.